उत्तरे शेवटच्या पानांवर

एखादं पुस्तक किती वाचलं गेलंय हे कळायला ते उघडावं लागत नाही. मिटलेलं पुस्तक आडवं धरावं आणि पानांची कड खिडकीकडे करावी. जिथवर बोटं फिरली असतील तिथवर कड मळलेली दिसते, पुढे कोरी करकरीत. नेमाने वाचल्या जाणाऱ्या पोथीची कड सबंध मळलेली असते. स्वयंपाकाच्या पुस्तकाची दोन-तीन ठिकाणीच, आणि तिथे तेलही लागलेलं असतं. सीईटीच्या गणिताच्या सरावपुस्तकाची कड मात्र सुरुवातीला बोटभर काळवंडलेली आणि मग एकदम पांढरी. नदीकाठच्या देवळाच्या भिंतीवर पुराची रेघ असते ना, तशी. पाणी इथवर आलं होतं, मग ओसरलं.

हा शोध मला गेल्या महिन्यात लागला. माझी भाची मनू दोन वर्षं आमच्याकडे राहून, परीक्षा देऊन, हॉस्टेलवर गेली आणि तिचं फडताळ रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त माणसाकडे अशी कामं आपोआप येतात. नुसत्या गणिताचीच नऊ पुस्तकं निघाली. आमच्या घरी पाहुण्यांच्या बॅगा मोजायचा एक हातकाटा आहे, त्याला हिने पुस्तकांची पिशवी अडकवली.

"अकरा किलो," हिने जाहीर केलं. "आणि हे फक्त गणित. फिजिक्स-केमिस्ट्री पलंगाखाली आहे."

नऊही पुस्तकं मी टेबलावर ओळीने मांडली, कडा माझ्याकडे करून. सगळ्यात मोठा पूर एका पुस्तकात निम्म्यापर्यंत चढला होता. सगळ्यात छोटा एकोणिसाव्या पानावर आटला होता. एक सोडून सर्वांत एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे पहिला धडा. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या गणितात पहिला धडा मॅथेमॅटिकल लॉजिकचा आणि अगदी शेवटचा बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशनचा. सरावपुस्तकंही बहुतेक त्याच वाटेने जातात. आता नवं पुस्तक म्हणजे नवा संकल्प, आणि संकल्प कुणी मधल्या पानापासून सुरू करत नाही. त्यामुळे मनूने लॉजिक आठ वेळा केलं. तिच्याशी वाद घालणं आमच्या घरात कुणालाच परवडत नव्हतं, ते का, हे मला आत्ता कळलं. बायनॉमियलची पानं मात्र काही पुस्तकांत अजून एकमेकांना चिकटलेली होती. मी ती सुटी केली तेव्हा छापखान्याचा ताजा वास आला.

एका पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर ठळक अक्षरांत आश्वासन होतं: हे पुस्तक पूर्ण सोडवलंत तर यश तुमचंच. मी हसलो. मग सवयीने पहिला धडा चाळला आणि हसू मावळलं. लॉजिकमध्ये 'पी असेल तर क्यू' असं एक विधान असतं. त्याचा नियम असा की पी खोटं असेल तर सबंध विधान खरं धरायचं, मग क्यूचं काही का होईना. पुस्तक पूर्ण सोडवलेला मुलगा मला आजवर भेटलेला नाही. म्हणजे पी नेहमीच खोटं. म्हणजे कव्हरवरचं आश्वासन नेहमीच खरं. ग्राहक आयोगात जाऊनही काही उपयोग नाही. बरं, यात लपवाछपवीही नाही. हा नियम त्यांनी पहिल्याच धड्यात सांगून टाकलाय, आणि नेमका तोच धडा सगळ्यांचा झालेला असतो.

मनू दहावी झाल्यावर जूनमध्ये कराडहून आली तेव्हा तिच्याजवळ गणिताचं एकच पुस्तक होतं, बोर्डाचं. दाजी तिला सोडायला आले होते. चहा घेता घेता ते मला म्हणाले, "पाव्हणं, गणिताचं तेवढं तुमी बघा. तुमी बँकेत होता." बँकेत आयुष्यभर मी बेरजा केल्या, त्याही पुढे पुढे कॉम्प्युटरने. पण मेव्हण्याने टाकलेला विश्वास मोडवत नाही. मी लगेच अप्पा बळवंत चौक गाठला.

ज्यांनी जूनमधला एबीसी चौक पाहिला नाही त्यांना सांगतो, पंढरीच्या वारीनंतर पुण्यात गर्दी असते ती तिथे. एका हातात छत्री, एका हातात यादी, आणि मागे उभं असलेलं, हे सगळं आपल्याबद्दल चाललंय हे मान्यच नसलेलं पोर. दुकानदार मान वर न करता विचारतो, "बोर्ड, सीईटी का जेईई?" उत्तराला अर्धा सेकंद उशीर झाला की तो पुढच्या माणसाकडे वळतो. मी म्हणालो, "तिन्ही." तेव्हा त्याने मान वर केली.

पुस्तक विकत घेताना अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटतं. हा अनुभव पोरांपेक्षा पालकांना जास्त येतो, आणि पैसे पालकांचेच असतात, त्यामुळे अकरा किलो व्हायला वेळ लागत नाही. चार पुस्तकं मी आणली. दोन क्लासने दिली, त्यांना मॉड्यूल म्हणतात. एक मैत्रिणीकडे होतं म्हणून आलं. एक दाजींनी कराडहून एसटीच्या पार्सलने पाठवलं. नववं कुठून आलं हे आजही कुणाला सांगता येत नाही.

माझ्या चारांपैकी एक जुन्या पुस्तकांच्या दुकानातलं होतं, लोनीची ट्रिग्नॉमेट्री. मूळ पुस्तक १८९३ सालचं. त्याच लोनीसाहेबांची कोऑर्डिनेट जॉमेट्री १८९५ ची, आणि हॉल आणि नाइटचा हायर अल्जिब्रा १८८७ चा. राणीच्या राज्यातली ही पुस्तकं आपल्याकडे अजून छापली जातात आणि आयआयटीला बसणारी मुलं ती अजून घेतात. घेतात असं म्हणतो, सोडवतात का ते कडेवरून पाहावं लागेल. आपल्या आजोबांच्या वेळचं पुस्तक नातीला चालतं असा विषय गणिताशिवाय दुसरा नाही. भूगोलाचं चालेल का?

लोनी पाहून मनू म्हणाली, "मामा, यात ऑप्शनच नाहीत."

"ऑप्शन कशाला हवेत? उत्तर काढायचं."

"पण काढलेलं बरोबर आहे हे कसं कळणार?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. पुढे शिडीच्या प्रकरणात सुचलं, ते सांगतोच.

आमच्या वेळी इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर होई. मार्क कमी पडले की माणूस बँकेत जाई. आता मध्ये सीईटी आहे. मनूने दिली तिच्यात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि वेळ ९० मिनिटं. मी सवयीने भागाकार करून पाहिला. एका प्रश्नाला बरोबर १०८ सेकंद. जपमाळेत मणी असतात तितके. ही योजना कुणी मुद्दाम केली असेल असं वाटत नाही, पण परीक्षेच्या आधी महिनाभर घरात जो जप चालतो त्याला शोभेशीच आहे.

या परीक्षेत चुकलं तरी गुण कापत नाहीत. जेईई मेनला बरोबर उत्तराचे चार मिळतात आणि चुकीचा एक जातो, तसं इथे नाही. म्हणजे डोळे मिटून पन्नासच्या पन्नास प्रश्नांना 'सी' ठोकत गेलं तरी सरासरी बारा-तेरा बरोबर यावेत, पंचविसेक गुण पदरात पडावेत. हा हिशेब मी मोठ्या उत्साहाने मनूला मांडून दाखवला.

"हेच बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन, मामा," ती म्हणाली. "एन गुणिले पी. ते आम्ही ऑप्शनला टाकलंय."

तरी गुण महत्त्वाचे नाहीतच म्हणे, पर्सेंटाईल महत्त्वाचा. टक्के आपल्या अभ्यासाचे असतात, पर्सेंटाईल शेजाऱ्याच्या अभ्यासाचा असतो, एवढंच मला त्यातलं समजलं. त्या वर्षी सोसायटीत बारावीची पाच पोरं होती. कुणाच्या खोलीतला दिवा किती वाजता मालवतो यावर पाचही घरांची नजर असे.

क्लास म्हणजे फसवणूक आणि पुस्तक म्हणजे पोपटपंची, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मीही तेच म्हणत होतो. पण ही पुस्तकं काय शिकवतात ते मी दोन वर्षं जवळून पाहिलं. ती ओळख शिकवतात. लग्नात आपण दारात उभे राहून येणाऱ्याला लांबूनच ओळखतो, हे सांगलीचे काका, ही त्यांची धाकटी सून, तशी मनू गणितं ओळखू लागली. इंटिग्रेशनमध्ये एक गणित आहे. मर्यादा शून्य ते पाय बाय टू. वर साइनचं वर्गमूळ, खाली साइनचं वर्गमूळ अधिक कॉसचं वर्गमूळ. दिसायला भीतिदायक. प्रत्यक्षात एक साधा गुणधर्म वापरला की तीन ओळींत उत्तर येतं, पाय बाय फोर. हे गणित मला तिच्या बहुतेक पुस्तकांत सापडलं. वर्गमुळाच्या जागी कुठे घनमूळ, कुठे साइनच्या जागी टॅन, पण माणूस तोच, फेटा बदललेला. मनूला ते दिसल्याबरोबर तिच्या तोंडून "पाय बाय फोर" असं निघे. झोपेतही निघालं असतं.

मग क्लासच्या एका मॉक टेस्टमध्ये ते आलं. वर साइनचं वर्गमूळ, खाली दोघांची बेरीज. मनूने चार सेकंदांत पाय बाय फोरला टिक केलं आणि वाचलेल्या १०४ सेकंदांचा आनंद मानला. गणित चुकलं. पेपर काढणाऱ्याने मर्यादा बदलून पाय बाय सिक्स ते पाय बाय थ्री केली होती. उत्तर पाय बाय ट्वेल्व्ह. आणि पर्यायांत पहिल्याच क्रमांकावर पाय बाय फोर बसवून ठेवला होता, ओळखीच्या लोकांसाठी.

"सिली मिस्टेक," मनू म्हणाली. या पिढीत चूक नावाची गोष्ट उरली नाही, सगळ्या सिली मिस्टेकच असतात. पण ती चूक मुळीच सिली नव्हती. लांबून काका ओळखून हाक मारावी, जवळ आल्यावर ते काकांचे जुळे भाऊ निघावेत, यात हाक मारणाऱ्याचा दोष किती? त्याला ओळखायलाच शिकवलं होतं. जवळ जाऊन बघायला नव्हतं शिकवलं.

त्या रात्री मी जरा वाचन केलं. निवृत्त माणूस रागावला की वाचतो. परीक्षेसाठी घोकंपट्टी आणि क्लास ही आपल्या लातूरची किंवा त्या राजस्थानातल्या कोट्याची देणगी, असा माझा समज होता. तो धुळीला मिळाला. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजमध्ये ट्रायपॉस नावाची गणिताची परीक्षा होती, आणि तिच्यासाठी मुलं प्राध्यापकांच्या तासाला दांडी मारून खाजगी शिकवणीला जात. एडवर्ड राउथ नावाच्या शिकवणीवाल्याचे पंचवीसहून जास्त विद्यार्थी पहिले आले. निकाल गुणानुक्रमे जाहीर व्हायचा, पहिल्याला सीनिअर रँग्लर म्हणायचे. आज असता तर राउथसाहेबांचा फोटो त्या सगळ्या पोरांसह पीएमपीच्या बसमागे लागला असता.

१८९९ साली ते पहिलेपण एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळालं ते आपल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांना. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, मंत्री झाले, कुलगुरू झाले, तरी महाराष्ट्राने त्यांना शेवटपर्यंत रँग्लर परांजपेच म्हटलं. परीक्षेतला नंबर माणसाच्या नावाआधी कायमचा चिकटावा ही आपली हौस तेव्हापासूनची. १८९८ मध्ये चौथा आलेला गणितज्ञ हार्डी मात्र त्या परीक्षेवर आयुष्यभर चिडून राहिला. ती मोडीत काढावी म्हणून त्याने पुष्कळ खटपट केली. गुणानुक्रमाने नंबर लावायची पद्धत १९०९ नंतर बंद झाली, परीक्षा मात्र टिकली. परीक्षा अशा सहज मरत नाहीत.

याच परीक्षेच्या शिकवण्या करणाऱ्या कार नावाच्या गृहस्थांनी एक जाडजूड पुस्तक केलं होतं. त्यात हजारो प्रमेयं आणि सूत्रं, एकाखाली एक. सिद्धता जवळजवळ नाहीच, असली तर ओळभर. आजच्या भाषेत फॉर्म्युला बुक. १९०३ च्या सुमाराला ते कुंभकोणममधल्या सोळा वर्षांच्या एका मुलाच्या हाती पडलं. लोनीची ट्रिग्नॉमेट्री त्याची त्याआधीच झालेली होती, तीही बहुधा संपूर्ण कड मळवून. कारच्या पुस्तकात सिद्धता नव्हत्या म्हणून रामानुजन त्या स्वतः करत बसला. पाटीवर करायचा, कोपराने पुसायचा. एवढ्या सरावाने त्याचं काय झालं? कॉलेजची शिष्यवृत्ती गेली आणि एफ. ए.च्या परीक्षेत तो नापास झाला, एकदा नव्हे, पुन्हाही. गणिताशिवाय दुसरं काही वाचतच नव्हता. पुढे १९१३ मध्ये त्याने केंब्रिजला पत्र पाठवलं, ते त्या परीक्षेवर चिडलेल्या हार्डीलाच, आणि नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे.

मला यातली एक गोष्ट टोचली. कारच्या पुस्तकाने मुलगा घडवला तो पुस्तकात जे होतं त्याने नव्हे, जे नव्हतं त्याने. मी दिवा लावला, ब्लेड शोधलं आणि मनूच्या सगळ्यात जाड सरावपुस्तकाची शेवटची बत्तीस पानं कापून काढली. त्या पानांवर उत्तरं होती. ती मी माझ्या कपाटात, मुदत ठेवीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये ठेवून कुलूप लावलं.

सकाळी थोडा गहजब झाला. पण मीही वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचं उत्तर पान उलटं धरून बघतो, हे मनूने दोनदा पकडलेलं असल्याने आमच्यात तडजोड झाली. मी शब्दकोड्याचं उत्तर बघायचं नाही आणि तिने एक सबंध उदाहरणसंग्रह सोडवल्याशिवाय उत्तरं मागायची नाहीत. मग रोज रात्री साडेनऊला ती वही घेऊन यायची आणि म्हणायची, "मामा, बँक उघडा." मी चष्मा लावून फाइल काढायचो. बँक सोडल्यावर मला काउंटरवर बसल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं.

डेरिव्हेटिव्हच्या उपयोगांचा धडा चालू होता. गणित असं: दहा मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकून उभी आहे. तिचं खालचं टोक सेकंदाला १.२ मीटर वेगाने भिंतीपासून दूर ओढलं जातंय. ते भिंतीपासून ६ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली घसरत असेल? शिडी कोण ओढतंय, का ओढतंय, वर कुणी चढलेलं आहे का, हे गणितवाले सांगत नाहीत. मनूचं उत्तर आलं ०.९. बँकेतलं उत्तर निघालं १.६.

"माझंच चुकलं असणार," ती म्हणाली आणि रबर घेतलं. दुसऱ्यांदा केलं. पुन्हा ०.९. तिसऱ्या खेपेला तिने १.६ आणून दाखवलं! मी पाहिलं तर सहा भागिले आठच्या जागी तिने आठ भागिले सहा करून टाकलं होतं. का, असं विचारलं तर म्हणाली, "तसं केलं की येतंय."

दोन वर्षांत मला भीती वाटली ती त्या क्षणी. सोळा-सतरा वर्षांची, आठ वेळा लॉजिक केलेली पोरगी, जिच्यापुढे सोसायटीचे सेक्रेटरी गप्प बसतात, ती छापील आकड्यापुढे मान तुकवून स्वतःचं बरोबर गणित मोडत होती. पुस्तकात छापलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मलाही वाटत होतं हे कबूल करतो. मी फक्त वयामुळे हट्टी होतो.

जेवणाच्या टेबलावर साखरेचा उंच डबा ठेवला, त्याला फूटपट्टी टेकवली आणि खालचं टोक हळूहळू ओढू लागलो. मनू शेजारी वही घेऊन. फूटपट्टी उभी असताना खालचं टोक दोन बोटं सरकलं तरी वरचं जेमतेम हलत होतं. ओढत ओढत ती निम्म्यावर कलली तेव्हा दोन्ही टोकं सारखीच पळायला लागली. त्यापुढे वरचं टोक एकदम धाडकन खाली. चार-पाच वेळा केलं. आवाजाने ही उठून आली. साखर, फूटपट्टी आणि रात्रीचे पावणेबारा पाहून काही न बोलता परत गेली.

पाचव्या वेळी मनू ओरडली, "मामा, थांबा! खाली सहा, वर आठ. म्हणजे शिडी अजून उभीच आहे. मग वरचं टोक खालच्यापेक्षा सावकाशच जाणार. १.२ पेक्षा कमीच पाहिजे. १.६ येऊच शकत नाही!"

छापील उत्तर चुकलेलं होतं. छापताना अंश-छेद उलटे झाले असावेत. लोनीच्या पुस्तकाबद्दल तिने विचारलं होतं ना, काढलेलं बरोबर आहे हे कसं कळणार? तर असं.

दुसऱ्या दिवशी ती क्लासहून आली ती नवीनच काही घेऊन. शिडी पार आडवी व्हायला आली, खालचं टोक दहा मीटरला टेकत आलं, तर सूत्राप्रमाणे वरच्या टोकाचा वेग वाढत वाढत अनंत होतो म्हणे. "प्रकाशाच्या पुढे जाईल, मामा! असं कसं?" मग आम्ही त्यावर संध्याकाळ घालवली. खरी शिडी तसं करणार नाही, शेवटी शेवटी वरचं टोक भिंत सोडून देईल आणि गणितातलं गृहीतच कोलमडेल, इथवर ती आपली आपण पोचली. मी नुसता फूटपट्टी धरून होतो. एका शिडीपायी आमचे दोन दिवसांत मिळून पाच तास गेले. १०८ सेकंदांच्या हिशेबाने तेवढ्यात १६६ गणितं व्हायला हवी होती. हे तिच्या क्लासच्या सरांना आम्ही सांगितलं नाही.

विसरण्याआधी आणखी एक सांगून टाकतो. सरावपुस्तकं ही काही आजची किंवा इंग्रजांची आणलेली गोष्ट नाही. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची. कमळावरचे भुंगे, तळ्यातली कमळं, मोर आणि साप, अशी गणितामागून गणितं, आणि चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेखही आहे. एकाच घराण्याची पुस्तकं शिकवणारा क्लास, आणि त्याला दान मिळाल्याची नोंद दगडावर कोरलेली. आम्ही पाटणादेवीला गेलो होतो तेव्हा मी हे मनूला सांगितलं. तिने विचारलं, "मग तिथे प्रवेश परीक्षा होती का?" ते काही शिलालेखात नाही.

परीक्षेचं केंद्र शहराबाहेर होतं. आम्ही पालक मंडळी एका गुलमोहराखाली वर्तमानपत्रं अंथरून बसलो. मनू बाहेर आली तशी मी पुढे झालो आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शिडी आली का?"

"नाही."

"मग?"

"रूट साइनवालं आलं. मी लिमिट नीट बघितले. शून्य ते पाय बाय टूच होते. पाय बाय फोर." आणि थोडं थांबून म्हणाली, "चार सेकंदांत झालं."

तेव्हा ती पुस्तकं उपयोगी पडली की नाही, असं कुणी विचारलं तर मला पडली असंच म्हणावं लागतं. जे आलं ते त्यांनीच शिकवलेलं होतं. शिडी आली नाही. चांगला पर्सेंटाईल पडला, हव्या त्या शाखेला प्रवेश मिळाला, दाजींनी कराडहून पेढे आणले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बँकेतला माणूस!" मी बेरजेपलीकडे काही केलेलं नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

तर अकरा किलो घेऊन मी रिक्षाने पुन्हा एबीसी चौकात गेलो. जुन्या पुस्तकांचा दुकानदार अनुभवी होता. त्याने एकही पुस्तक उघडलं नाही. मिटलेली पुस्तकं एकेक आडवी धरून, कड उजेडाकडे करून बघत गेला. मला वाटलं होतं हा शोध माझा आहे.

"हे एकोणीस पानांचं," तो म्हणाला, "याला चांगला भाव देतो. नवंच आहे. हे निम्म्यापर्यंत वापरलंय, याचे कमी होतील. पेनानं सोडवलंय का पेन्सिलीनं?"

"पेन्सिलीनं."

"मग ठीक. पेनानं असेल तर रद्दी."

जितका अभ्यास कमी तितका भाव जास्त. आठ पुस्तकांचे पैसे मोजून दिले त्याने. नववं हातात घेतलं, शेवटची पानं चाळली आणि माझ्यापुढे परत सरकवलं.

"काका, याची उत्तरं कुठायत?"

"कपाटात आहेत. आणून देतो."

"फाटलेलं चालत नाही. उत्तरांशिवाय पुस्तक कोण घेणार?"

तेव्हा ते पुस्तक घरी आहे. बत्तीस पानं फाइलमध्ये आहेत, शिडीच्या गणितापुढे मनूने लाल शाईने ०.९ लिहून ठेवलंय. कुणाच्या घरी यंदा बारावी असेल तर कळवावं, फुकट देईन. लॉजिकचा धडा संपूर्ण सोडवलेला आहे, पण पेन्सिलीनं.